मदत हवी आहे: मिंट रोज सकाळी गायब होतंय, विंडोजचं घड्याळही मागे पडतंय

इंदुरी_पोहा
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घरचा डेस्कटॉप आहे, २०१८ मध्ये जोडून घेतलेला, आय३ ७१००, ८ जीबी रॅम, नंतर २४० जीबीची एसएसडी टाकली. विंडोज १० होतं, ११ त्यावर चढत नाही कारण सातव्या पिढीचा प्रोसेसर त्यांच्या यादीतच नाहीये, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला म्हणून दिवाळीत भाचा आला होता त्याने शेजारीच लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून दिलं. चालू केलं की मेनू यायचा, वर मिंट खाली विंडोज. माझी टॅली विंडोजवर, बाकी घराचं सगळं मिंटवर. छान चाललं होतं हो सहा-सात महिने.

मे मध्ये लग्नाला ग्वाल्हेरला गेलो चार दिवस. परत येऊन मशीन लावलं तर मेनूच नाही, थेट विंडोज. भाच्याने व्हिडिओ कॉलवर काहीतरी करायला लावलं, मेनू आला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गायब! पुन्हा त्याला पकडलं, पुन्हा आला, पुन्हा गायब. आता त्याची परीक्षा चालू आहे, बहीण फोन देत नाही त्याला. मधे दोन-तीन दिवस नीट चाललं, मग परत तेच. वर विंडोजचं घड्याळ मागे पडतंय, ते रोज हाताने लावतो.

इथला एक कॉम्प्युटरवाला येऊन गेला, डिस्क मॅनेजमेंट उघडून म्हणे "भिया ये १२० जीबी खाली पडा है, डिलीट करके डी में जोड देता हूं, फिर सब फॉर्मॅट मारेंगे". मी म्हणलं थांब बाबा, उद्या सांगतो. बायकोचं अनुवादाचं काम, १४० पानं, मिंटमध्येच आहे आणि कॉपी कुठेच नाही (हो, माहितीये, घरात यावर आधीच बोलणी खाल्ली आहेत). बायोसमध्ये (चालू होताना बोर्डाच्या सेटिंग दिसतात तिथे) जाऊन बघितलं तर मिंट नावाचं काहीच नाही. विंडोज बूट मॅनेजर आहे आणि उबुंटू म्हणून काहीतरी आहे, पण उबुंटू तर आम्ही कधी टाकलंच नाही. मिंट उडालं का? वीस तारीख तोंडावर आहे, जीएसटीचं रिटर्न भरायचंय म्हणून विंडोजलाही धक्का लावायची भीती वाटते.

नर्मदाकाठी
घड्याळाचं सोपं आहे. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) धरून चालवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. म्हणजे मिंटवरून विंडोजमध्ये आलात की बरोब्बर साडेपाच तास मागे. मिंटच्या टर्मिनलमध्ये सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ द्या (इंग्रजीत टाइप करायचं अर्थात). किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) टाइमझोन इन्फर्मेशनमध्ये रियलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड व्हॅल्यू बनवून १ करा. मेनूचं मात्र विंडोजनेच पुढे घुसून केलं असणार, नेहमीचंच आहे.

टर्मिनलवाली
दादा, आधी त्या माणसाला घरात घेऊ नका. ते १२० जीबी रिकामं नाहीये, तेच तुमचं मिंट आहे. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाही म्हणून तिथे ना नाव ना गाव असा नुसता तुकडा दिसतो. विंडोजने कधी फॉर्मॅट करू का विचारलं तरी नाही म्हणा.

आणि बायोसमधलं उबुंटू म्हणजेच मिंट. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे, ईएफआय पार्टिशनमधल्या (डिस्कवर बूटच्या फाइली असतात तो तुकडा) त्याच्या फोल्डरचं नाव उबुंटूच असतं, त्यामुळे यादीत तेच नाव येतं. यावर निम्मे लोक फसतात. बूट ऑर्डरमध्ये त्याला एक नंबरवर आणा, एफ १० ने सेव्ह करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर मात्र आधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

पण रोज सकाळी का जातंय ते मला कळलं नाही. विंडोज पुढे घुसतं ते एखाद्या वेळी, रोज उठून नाही. घड्याळ नक्की किती मागे असतं? साडेपाच तासच का?

इंदुरी_पोहा
ताई आला!! उबुंटू वर घेतलं आणि मेनू आला, बायको शेजारीच उभी होती, तिने आधी १४० पानं पेन ड्राइव्हवर घेतली मग मला चहा दिला. नर्मदाकाठी यांचे दोन्ही उपाय पण करून टाकले, टर्मिनलचा पण आणि रजिस्ट्रीचा पण.

(दुसऱ्या दिवशी) परत गेलं. थेट विंडोज. घड्याळ साडेपाच तास नाही हो, सरळ १ जानेवारी २०१७ दाखवतं. क्रोम काही उघडतच नाही, तुमचं घड्याळ मागे आहे म्हणतं, मला आधी वाटलं नेट गेलं. हां, आणि चालू करताना एक काळी पाटी येते, काहीतरी सीमॉस, एफ १ दाबा म्हणते, ते मी दाबून टाकतो. नीट चालले ते दिवस आठवले, आई देवासला मावशीकडे गेली होती तेव्हाचे. म्हणजे गेल्या मंगळवार ते गुरुवार.

बडोदेकर_जुना_पीसी
अहो पोहेसाहेब, ती काळी पाटी पहिल्याच पोस्टमध्ये टाकली असती तर भाच्याचा अभ्यास बुडाला नसता!

एकच सांगा, आई रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात का?

इंदुरी_पोहा
आत्ता विचारून आलो. आई म्हणाली, "करते की. ग्वाल्हेरला निघालो तेव्हा मीच सगळी बटणं पाडली, आणि आता हा पाऊस, विजा कडाडतात, तुम्ही दोघं तसंच चालू टाकून झोपता. मग बंद नको करू?" मी गप्प.

बडोदेकर_जुना_पीसी
आई बरोबर आहेत, त्यांना काही बोलू नका. मदरबोर्डवर रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, बोर्डाचं घड्याळ आणि सेटिंग जपणारा (पाटीवरचं सीमॉस ते हेच), तो मेलाय. पीसी शटडाउन केला तरी भिंतीचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ५ व्होल्टचा स्टँडबाय देत राहतो, त्यावर घड्याळ चालतं, म्हणून सेल मेलेला कळतच नाही. बटण पडलं की सगळा भार सेलवर. तो नाही म्हणाला की वेळ गेली, आणि पुढच्या वेळी बोर्ड म्हणतो माझ्या सेटिंग बिघडल्यात, एफ १ दाबा, आणि डिफॉल्टवर जातो. तुमच्या बोर्डाच्या डिफॉल्टमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे. म्हणजे मिंट कुठे गेलंच नव्हतं, रांगेत मागे ढकललं जात होतं. विंडोजने काही केलेलं नाही, उगाच त्याच्या नावाने बिल फाडू नका.

साडेपाच तासांचा फरक विंडोज नेटवरून सुधारतं कधीतरी, पण फरक पंधरा तासांच्या वर गेला की ते स्वतःहून हात लावत नाही, म्हणून तुम्ही २०१७ मध्ये अडकून पडता. मिंट मात्र नेट मिळालं की मुकाट्याने बरोबर लावून घेतं.

वायर काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा मग आत हात घाला. सेलची क्लिप हलकेच बाजूला दाबली की सेल उडी मारतो, पलंगाखाली गेला तर शोधत बसू नका. नवा बसवताना अक्षरं वर. मग बायोसमध्ये तारीख-वेळ, बूट ऑर्डर, सेव्ह.

इंदुरी_पोहा
काल सिल्व्हर मॉलमधून सेल आणला. जुना शेजारच्या काकांच्या मीटरवर लावून बघितला, १.९ व्होल्ट. नवा ३.२. रात्री आईला सांगितलं सगळी बटणं पाड, ती माझ्याकडे संशयाने बघत होती. सकाळी चालू केलं, काळी पाटी नाही, मेनू समोर!

पण आता नवीनच. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास पुढे आहे. सकाळी साडेआठला पोहे खातोय आणि ते दुपारचे दोन वाजवतंय.

टर्मिनलवाली
दोन्ही औषधं घेतलीत ना एकदम. मिंटला सांगितलं बोर्डावर स्थानिक वेळ ठेव, आणि विंडोजला सांगितलं बोर्डावरची वेळ यूटीसी आहे. ते बिचारं आज्ञाधारकपणे वर साडेपाच तास घालतंय. कुठलं तरी एकच ठेवा. मी रजिस्ट्रीवालं ठेवते. मिंटमध्ये तीच कमांड १ च्या जागी ० देऊन चालवा आणि एकदा रीस्टार्ट. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (त्यात शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही) पण बंद करून टाका, नाहीतर डी ड्राइव्ह मिंटमधून नुसता वाचता येईल, लिहिता येणार नाही.

नर्मदाकाठी
"किंवा" लिहिलं होतं हो मी.

इंदुरी_पोहा
लिहिलं होतं, घाईत वाचलं नाही. ० केलं, दोन्हीकडे वेळ जुळली. भाच्याला मेसेज टाकलाय, परीक्षा झाल्यावर बघेल. आई विचारतेय आज रात्री बटण पाडू का.

बडोदेकर_जुना_पीसी
खुशाल पाडा म्हणावं. राउटरचं पण.