मदत हवी आहे: हूवरला एसईसी बेसबॉल स्पर्धेची कोणत्या दिवसाची तिकिटं काढू?

आम्ही अटलांटाहून अलाबामातल्या हूवरला एसईसीची (अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या विद्यापीठांचा क्रीडासंघ) कॉलेज बेसबॉल स्पर्धा बघायला जाणार आहोत. भाची व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकते, तिचा संघ बघायचाय. सोबत सासरे (वय ७४), त्यांना ऊन अजिबात सोसत नाही. सुट्टी दोनच दिवस, तीही आत्ताच सांगावी लागतेय.

अडचण अशी. २०२५ पासून सोळाही संघ खेळतात आणि एक सामना हरला की घरी. पूर्वी मधल्या फेऱ्यांत हरूनही संधी मिळायची, तेव्हा दोन दिवसांत आपला संघ बहुधा दिसायचा. आता त्याआधीच्या साखळी सामन्यांच्या क्रमवारीत पहिल्या चारांत आलो तर थेट उपांत्यपूर्व फेरी, म्हणजे गुरुवार किंवा शुक्रवार. पाचवा ते आठवा आलो तर बुधवार, त्याखाली मंगळवार. साखळी सामने संपेपर्यंत क्रमांक कळणार नाही.

तक्ता कागदावर काढून सगळ्या शक्यता मांडल्या. तिकीट खिडकीवर फोन केला, पण “तुमचा संघ कधी खेळेल ते सांगता येत नाही” एवढंच उत्तर मिळालं, आणि ते खरंच आहे म्हणा. पूर्ण आठवड्याचा पास परवडणारा नाही. शनिवार-रविवार (उपांत्य आणि अंतिम फेरी) घेतला आणि संघ आधीच हरला, तर भाची फार हिरमुसेल.

तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: क्रमांक कळल्यावर, म्हणजे आदल्या दोन-तीन दिवसांत, गुरुवार-शुक्रवारची एकत्र चार तिकिटं मिळतात का? आणि दुपारच्या सामन्याला सावली पहिल्या बेसच्या बाजूला (फलंदाजाच्या मागून बघताना मैदानाची उजवी बाजू) असते की तिसऱ्या (डावी)?