वारेवरची गाठ, कोरिओअँजिओमा : तुमचे अनुभव लिहा

वहिनीच्या ॲनोमली स्कॅनमध्ये (बाळात काही दोष आहे का बघणारी सोनोग्राफी) वारेवर, म्हणजे प्लॅसेंटावर, गाठ दिसली आणि घरात सगळ्यांची झोप उडाली. रक्तवाहिन्यांची ही गाठ कॅन्सर नसते. वार बारकाईने तपासली तर साधारण शंभरात एकीला सापडते, बहुतेकदा अगदी लहान. चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे मात्र लक्ष ठेवावं लागतं. ज्या यातून गेल्यात त्यांनी लिहा. हॉस्पिटलचं नाव नको, काय तपासलं आणि काय केलं ते हवं.

नाशिकहून
माझी दोन सेंटिमीटरची होती. अधूनमधून सोनोग्राफी, बाकी काही नाही. दिवस पूर्ण भरले, नॉर्मल झाली.

पुण्याहून
आमची सात सेंटिमीटरची, नाळ वारेला जुळते तिथेच. सव्विसाव्या आठवड्यात पोट एकदम वाढलं, आडवं झालं की धाप लागायची. सासूबाईंना जुळं वाटलं, निघालं वाढलेलं गर्भजल. गाठीतून बाळाचंच रक्त फिरतं, म्हणून त्याच्या हृदयावर ताण येतो. आत तांबड्या पेशी फुटल्या तर ॲनिमिया होतो. दर आठवड्याला डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा वेग बघायचे. तो त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट झाला की ॲनिमियाची शंका घेतात. आमचा झाला. मग पोटातच नाळेतून बाळाला रक्त चढवलं, पाणी सुईने काढलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी मला स्टेरॉइड दिलं. बत्तिसाव्या आठवड्यात सिझर. बाळाच्या प्लेटलेट कमी होत्या, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) बरेच दिवस गेले. आता घरभर पळतो.

एक बाबा
आमचं बाळ राहिलं नाही. त्याच्या अंगात पाणी साठलं होतं. गाठीचा रक्तपुरवठा लेझरने बंद करायचं ठरलं, त्याआधीच ठोके थांबले. बायको अजून विचारते, कळशी उचलली म्हणून का? नाही हो. उचलल्याने, खाण्यापिण्याने ही गाठ होत नाही. कुणी घरच्या बाईला बोल लावत असेल तर त्यांना हे वाचायला द्या. पुढच्या खेपेला पुन्हा होणं फार दुर्मीळ, असं डॉक्टर म्हणाले. धाकटीच्या वेळी वार स्वच्छ होती.

सोनोलॉजिस्ट आहे
साध्या सोनोग्राफीत ही गाठ रक्ताच्या गुठळीसारखी दिसू शकते. कलर डॉप्लरवर आत रक्त वाहताना दिसतं. रिपोर्टमध्ये आकार, नाळेपासूनचं अंतर आणि पाण्याचं माप आहे ना, बघा. प्रसूतीआधी बालरोगतज्ज्ञांना कल्पना द्या, म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट लगेच तपासता येतात. वार पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा.

सांगलीहून
ताई, अंतर माझ्या रिपोर्टमध्ये नाही. पाच सेंटिमीटर आहे, अठ्ठाविसावा चालू. सोमवारी डॉप्लर आहे, तेव्हा विचारते.