मंगळावर ‘वस्ती’ की ‘वसाहत’?

खाडीकाठ (दापोली): शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या पोरांचा तक्ता मराठीत करून देतोय, विषय आहे माणूस मंगळावर कायमचा सेटल होऊ शकतो का. मी ‘मानवी वस्ती’ लिहिलं, दुसऱ्या सरांनी ते खोडून ‘वसाहत’ केलं, म्हणे वस्ती म्हटलं की झोपडपट्टी वाटते. मला उलट वसाहत म्हटलं की एमआयडीसीचा बोर्ड नाहीतर इंग्रजांचं राज्य आठवतं. आणि ‘व्यवहार्यता’ पोरांच्या तोंडात बसत नाहीये, त्याला काय लिहू?

सुरंगी (मालवण): सर, आमच्याकडे वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात येवन रवता आणि फाटफटी सुटता ती एसटी. पाहुणे वस्तीला आले म्हणजे रात्रीपुरते आले. त्यामुळे कायमचं राहणं असेल तर माझ्या कानाला वस्ती पटत नाही. अवकाश स्थानकात नोव्हेंबर 2000 पासून सतत माणसं आहेत, पण साधारण सहा महिन्यांनी बदलतात, ती खरी वस्ती.

शब्दवेल्हाळ: संस्कृत ‘वसति’लाही मुक्काम आणि रात्र हे दोन्ही अर्थ आहेत, सुरंगीताईंचं बरोबर आहे. पण मग नेमका शब्द ‘उपनिवेश’ का घेत नाही? आणि तक्त्यात प्राणवायू लिहा, ऑक्सिजन नको.

माडाची वाडी (गुहागर): उपनिवेश हिंदी पेपरात वाचलाय, आपल्याकडे कोण बोलतं? पोरं ऑक्सिजनच म्हणतात, सिलेंडर संपला की आपणही तेच म्हणतो. वसाहतच ठेवा. नाहीतर ‘बिऱ्हाड’, मंगळावर बिऱ्हाड थाटता येईल का, यात संसार आला, पोरंबाळं आली. तिथलं गुरुत्व आपल्या 38 टक्के, त्यात पोटातलं मूल नीट वाढेल की नाही हे कोणालाच माहीत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

शब्दवेल्हाळ: सगळे बोलतात तेच लिहायचं ठरवलं तर दहा वर्षांनी मराठीत नुसती क्रियापदं उरतील. शाळेच्या भिंतीवर तरी नीट शब्द दिसू देत.

खारवाला (राजापूर): मी शेतकरी, मला शब्दापेक्षा जमीन कळते. 2008 ला फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट सापडलं, विषारी क्षार, पाण्यात विरघळणारे. आमच्या खारात, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीत, बांध घातला, उघाडी बसवली, म्हणजे भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं, एवढं करूनही काही पावसाळे खार धुवून जाईपर्यंत भात धड येत नाही. तिथे तर पाऊसच नाही आणि हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी, पाणी उघड्यावर टिकतच नाही. म्हणजे बर्फ वितळवायचा, बंद टाकीत माती धुवायची, तेच पाणी गाळून परत वापरायचं. होणार नाही असं मी म्हणत नाही, पण पहिलं पीक निघेपर्यंत त्याला वसाहत म्हणू नका.

सुरंगी: काका अगदी पटलं. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने 2021 ते 2023 मध्ये मिळून 122 ग्रॅम ऑक्सिजन केला. माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम लागतो, म्हणजे एकाला साडेतीन तास. पण तिथल्याच हवेतून केला हे मोठंच काम आहे.

माडाची वाडी: आणि बंद घरात हवा सांभाळणंही अवघड. अ‍ॅरिझोनात 1991 ला आठ माणसं काचघरात कोंडून घेऊन राहिली, आतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला, शेवटी बाहेरून भरावा लागला. सर, ‘व्यवहार्यता’ काढा आणि सरळ ‘जमेल का?’ लिहा.

शब्दवेल्हाळ: ‘जमेल का’ला माझी हरकत नाही, मराठीच आहे. उपनिवेशावर मात्र मी ठाम आहे.

खारवाला: असू दे. पण वसाहत लिहिलंत तर खाली प्रश्नचिन्ह घाला.

कुलाबकर (अलिबाग): खारवाला काका, उघाडी आमच्याकडेपण म्हणतात, पण आमचे आजोबा लाकडी दाराला झडप म्हणायचे आणि दगडी बांधकामासकट सगळ्याला उघाडी. तुमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे का?