यशवंत सागरजवळ सारसाच्या जोडीबरोबरचा तिसरा पक्षी कोणता?

प्रश्न (इंदूरकर)
फेब्रुवारीच्या अखेरच्या रविवारी आम्ही चौघे हातोदच्या बाजूने इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर गेलो होतो. काठावर फारसे काही न दिसल्याने शेतांकडे वळलो, तर हरभरा काढून झालेल्या एका शेतात सारसाची जोडी चरताना आढळली. त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर तिसरा पक्षी होता. उंचीने थोडा कमी, अंगाने करडाच, परंतु डोके आणि मान लाल नसून फिकट दालचिनी रंगाची. जोडीने माना उंचावून एका सुरात साद घातली तेव्हा तो मात्र गप्प राहिला. मला तो आजारी सारस वाटला. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
तो क्रौंच असावा. हिवाळ्यात येणाऱ्या क्रौंचांच्या पिल्लांचे डोकेही तपकिरी असते.

उत्तर २
क्रौंचाची शंका रास्त आहे, पण मला ती पटत नाही. क्रौंच बहुधा थव्याने वावरतात आणि सारसापेक्षा बरेच लहान असतात, तर आपण वर्णन केलेला पक्षी जोडीच्या जवळपास बरोबरीचा आहे. सारस पावसाळ्यात, पाणथळ जागी, गवत-लव्हाळ्याचा ढीग रचून घरटे करतो आणि त्यात बहुधा दोन अंडी घालतो. पिल्लू उडू लागल्यावरही पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत आईबापांसोबत हिंडते. हे गेल्या पावसाळ्यातील पिल्लू असणार. रंगाचे कारणही साधे आहे: प्रौढ सारसाच्या डोक्याची आणि मानेच्या वरच्या भागाची लाली पिसांची नसून उघड्या कातडीची असते, आणि पिल्लाच्या डोक्यावर मात्र अजून दालचिनी रंगाची पिसे असतात. साद न घालण्यात आजार मानू नये, कारण ते युगुलगान नर-मादीचेच असते. दोनांपैकी एकच पिल्लू तगल्याचे पुष्कळदा दिसते, म्हणून तीनाचे कुटुंब पाहून मला आनंदच झाला.

इंदूरकर
मनःपूर्वक आभार. पुन्हा गेल्यास किती जवळ जावे? शेतमालकांनी आम्हाला बांधावरूनच परतवले होते, आणि खरे सांगायचे तर त्यांचे चुकले नाही.

उत्तर ३
माझे शेत देपालपूरकडे आहे, म्हणून लिहितो. गहू अजून उभा असतो, त्यात माणूस शिरला की ओंब्या तुडवल्या जातात. काढलेल्या हरभऱ्यातही आधी विचारलेले बरे. सारसाने चरणे थांबवून मान ताठ केली, की तिथेच थांबावे. तो उडाला तर पिल्लूही मागे उडते, आणि शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा या मोठ्या पक्ष्यांना घातक ठरतात. गहू निघाला की कापलेल्या शेतात ते दुरूनही स्पष्ट दिसतात. तेव्हा सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून या. दुर्बीण असेल तर मानेचा रंग रस्त्यावरूनही ओळखता येईल.