युरोपात १० रात्री: कोणते देश ठेवू, कोणते गाळू?

पुणेकरीण:
मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून निघायचंय. आम्ही दोघं आणि आई-बाबा. दोघंही पासष्टीच्या पुढचे, चालतात व्यवस्थित, पण जिने फार झाले की बाबांचे गुडघे कुरकुरतात. यादीत फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली. ग्रुप टूर नको. पाचही बसतील का? आणि व्हिसा कुठला काढायचा?

रुळावरून:
बसवता येतील, पण मग बघाल ती स्टेशनंच. पॅरिस ते झुरिक रेल्वे साधारण चार तासांची. त्यात सकाळी हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, तिकडे खोली दुपारी तीननंतर मिळणं हे मिळवा, दिवस गेला. पाच देशांत असे चार दिवस जातील.

दोनच देश घ्या, स्वित्झर्लंड आणि इटली. झुरिकला उतरायचं, रोमहून परतायचं. विमानाचं तिकीट शोधताना 'मल्टी-सिटी' निवडा, नाहीतर परतीसाठी पुन्हा झुरिक गाठावं लागेल. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन ४ रात्री, इटलीत फ्लोरेन्स २, रोम ४. इंटरलाकेनहून श्पीत्स, मिलान करत फ्लोरेन्स हा एकच लांब दिवस आहे, तो गाडीत गेला तरी खिडकीबाहेर आल्प्स असतो. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत. राहायचं 'ओस्ट'जवळ, ग्रिंडेलवाल्ड आणि लाउटरब्रुनेन या डोंगरातल्या गावांच्या गाड्या तिथूनच सुटतात.

पॅरिस सोडायचं जिवावर येईल, कबूल. पण तिथल्या जुन्या मेट्रोत बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि एक गाडी बदलायची तर दोन-तीन जिने सहज होतात. बाबांसाठी तरी ते पुढच्या खेपेला ठेवा.

शिक्कामोर्तब:
व्हिसा एकच, शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा-गट). नियम सरळ आहे: ज्या देशात रात्री जास्त, अर्ज त्याच देशाकडे. वरच्या आखणीत इटली ६, स्वित्झर्लंड ४, म्हणजे इटली. रात्री समसमान असतील तेव्हाच पहिला प्रवेश कुठून ते बघतात. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथली खोटी बुकिंगं जोडायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि व्हिसा मिळाला तरी विमानतळावर कागद मागितले की पंचाईत.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला एरवी १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. मेसाठी सगळा देश रांगेत असतो, तेव्हा अपॉइंटमेंट जानेवारी-फेब्रुवारीतच धरा. विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरो हवं. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला. प्रौढांची फी ९० युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं विमानतिकीट काढू नका.

दोनबॅगा:
मेच्या पूर्वार्धात काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात, आधी संकेतस्थळावर बघा. युंगफ्राउयोख (इंटरलाकेनजवळचं बर्फातलं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन) वर्षभर चालू असतं, पण ते ३,४५४ मीटरवर आहे. आई-बाबांना रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तिकीट महाग, म्हणून आदल्या दिवशी घेऊन ठेवू नका. सकाळी वरचा वेबकॅम बघायचा आणि ढग नसतील तरच काढायचं, नाहीतर पांढऱ्या धुक्याचे पैसे भराल. रिगी डोंगर त्यापेक्षा सोपा (१,७९८ मीटर) आणि स्विस ट्रॅव्हल पासवर (स्वित्झर्लंडमधल्या प्रवासाचा ठरावीक दिवसांचा पास) पूर्ण फुकट.

रोममध्ये कोलोसियमचं तिकीट नावानिशी असतं, पासपोर्टवरचं स्पेलिंग तंतोतंत घाला. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद. हॉटेलचा सिटी टॅक्स बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो, माणशी दर रात्रीचा तिथेच द्यावा लागतो.

खर्चाची चिंता असेल तर प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट बघा. तीनही शेंगेनमध्ये, प्राग ते व्हिएन्ना चार तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. चलनं मात्र तीन. बर्फाचे डोंगर त्यात नाहीत, तेव्हा आई-बाबांना काय हवंय ते आधी विचारा.

पुणेकरीण:
त्यांना बर्फच हवाय! मग दोनच देश पक्के. ४ रात्रींना ४ दिवसांचा स्विस पास पुरेल ना?

रुळावरून:
नाही पुरणार. पास रात्रींवर नाही, तारखांवर चालतो. ४ रात्री म्हणजे उतरल्यापासून निघेपर्यंत ५ तारखा, आणि ५ दिवसांचा पास नाहीच. ३, ४, ६, ८, १५ असे आहेत. दोन वाटा: ४ दिवसांचा घेऊन शेवटच्या दिवशी इंटरलाकेन ते मिलान वेगळं तिकीट, किंवा ६ दिवसांचा घेऊन डोमोडोसोलापर्यंत (सीमेपलीकडचं इटलीतलं स्टेशन) पास आणि तिथून मिलानपर्यंतच तिकीट. बहुधा पहिली स्वस्त पडेल, पण चौघांचा हिशोब मांडून बघा. मिलानच्या गाडीत सीटचं आरक्षण मात्र दोन्ही वाटांत सक्तीचं, ते पासात येत नाही.