मदत हवी आहे: झॉम्बॉइडमध्ये माझा माणूस कायम दमलेलाच का असतो?

पावणेबारा

नमस्कार मंडळी,

गेममध्ये जुन्याजाणत्या असलेल्यांनी जरा हात द्या. 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड' खेळतोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: १९९३ चा जुलै महिना, अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा एक भाग, माणसांचे झॉम्बी करणारी साथ पसरलेली, बाहेर पडायच्या वाटा बंद, आणि तुम्ही एकटे. सुरू होतानाच गेम सांगून टाकतो की ही तुमच्या मरणाची गोष्ट आहे. म्हणजे मरण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार ही की मी दर वेळी एकाच तऱ्हेने मरतो.

बिल्ड ४१ (म्हणजे गेमची आवृत्ती), एकट्याने खेळतो, अवघडपणाचं सेटिंग अपोकॅलिप्स, गाव मल्ड्रॉ. माणूस लंबरजॅक (लाकूडतोड्या) घेतो कारण कुऱ्हाड आवडते. चांगले गुण घ्यायला पॉइंट हवेत म्हणून 'आउट ऑफ शेप' (फिटनेस कमी) आणि 'स्लीपीहेड' (झोपाळू) हे दोन अवगुण घेतो, त्याचे सहा आणि चार मिळून दहा पॉइंट सुटतात. (इथेच काहीजण हसले असतील, हसा.)

पहिले दोन दिवस मजेत जातात. टीव्हीवर सुतारकामाचे कार्यक्रम बघतो, घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकतो, डबे गोळा करतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कळा फिरते. उजवीकडे धाप लागल्याचं चिन्ह येतं. त्याच्याखाली झोप आल्याचं. पलंगावर पाठवलं तर साहेब झोपायला तयार नाहीत. दोन तास पलंगावर नुसतं बसवून ठेवलं, धापेचं चिन्ह गेलं, झोपेचं तसंच. मग वैतागून बाहेर पडतो.

काल डिक्सी हायवेलगतच्या दुकानामागे सातजण अंगावर आले. पहिले तीन एकेका-दोन-दोन घावांत आडवे. चौथ्याला पाच लागले. सहाव्याला मी मोजून अकरा घाव घातले हो! कुऱ्हाड बोथट झाली की काय म्हणून बघितली तर चांगली धडधाकट. तेवढ्यात सातव्याने मानेचा घास घेतला.

याच्यात स्टॅमिनाची पट्टी कुठे दिसतच नाही. कधी थांबायचं ते कळायचं कसं? आणि झोप आलेली असताना माणूस झोपत का नाही?

मागचा_बाक

सँडबॉक्समध्ये (गेमचे नियम आपणच ठरवायचे ते सेटिंग) जा, एंड्युरन्स रीजन, म्हणजे दम भरून यायचा वेग, 'व्हेरी फास्ट' करा, धागा बंद करा.

पावणेबारा

@मागचा_बाक ते माहीत आहे. पण मग उद्या म्हणाल झॉम्बीच बंद करा.

लोखंडीकढई

पावणेबारा, तुमचा घोळ नावातच आहे. तुम्ही सगळ्याला 'दमणं' म्हणताय. या गेममध्ये दोन वेगळी खाती आहेत आणि दोन्हींचा हिशोब वेगळा.

एक म्हणजे दम. गेम त्याला एंड्युरन्स म्हणतो. धावलात, कुंपणावरून उडी मारलीत, शस्त्र फिरवलंत की तो खर्च होतो. बसलात की भरून येतो. मिनिटांचा मामला.

दुसरी झोप, म्हणजे फटीग. ती जागं राहिल्याने साठत जाते आणि मुख्यतः झोपल्याने उतरते. हा अख्ख्या दिवसाचा मामला. तुम्ही पलंगावर दोन तास बसलात तेव्हा दम भरला, झोप कशी उतरेल? उलट दोन तासांची वाढली.

आता यात मेख अशी की दोन्ही खाती एकमेकांना जोडलेली आहेत. अंगात झोप भरलेली असली की दम हळू भरतो. मोबाइलची बॅटरी जुनी झाली की चार्जिंगला लावूनही टक्के चढत नाहीत, तसं.

कुऱ्हाडीचं म्हणाल तर पट्टी नाही हे खरं, पण चिन्हालाच पट्टी समजा. धापेचं *पहिलं* चिन्ह उमटलं की तुमच्या घावाची ताकद निम्म्यावर येते. दुसऱ्या पायरीला पाचव्या हिश्श्यावर. तिसऱ्या-चौथ्याला तर तुम्ही झॉम्बीला वारा घालत असता. झोपेच्या चिन्हाचंही असंच गणित, आणि दोन्ही चिन्हं एकदम असली तर दोन्हीकडून मार. सहाव्याला अकरा घाव का लागले ते आलं ना लक्षात?

म्हणून नियम एकच: पहिलं चिन्ह दिसलं की लढाई संपली. समोर एक उरला असेल तरी संपली. वळायचं आणि *चालत* निघायचं. धावायचं नाही. अपोकॅलिप्समधले झॉम्बी लडबडत येतात, नीट चालत राहिलात तर अंतर राखता येतं. एखादं घर मधे घालून त्यांची नजर चुकवायची, दुसऱ्या घरात शिरून दार लावायचं आणि जमिनीवर बसायचं. उभं राहूनही दम भरतो पण बसून लवकर. खुर्ची-सोफा असेल तर त्यावर उजवी क्लिक करून विश्रांती घेता येते.

झोप का लागत नाही याचं उत्तर द्यायला मला दोन गोष्टी हव्यात. एक, पलंगावर क्लिक केल्यावर झोपेचा पर्याय पुसट दिसतो तेव्हा त्यावर माऊस ठेवून काय कारण लिहून येतं? दोन, टीव्ही बघताना तुम्ही नुसतं बघता की अजून काही करता?

पावणेबारा

@लोखंडीकढई हात जोडले. कारण लिहून येतं की वेदना फार आहेत. पण जखम एकही नाही! हेल्थच्या खिडकीत चावा नाही, ओरखडा नाही.

टीव्ही बघताना बर्पी (खाली बसून-उठून उडी मारायचा व्यायाम) करतो. एका व्हिडिओत पाहिलं होतं की वेळ फुकट घालवू नका, फिटनेस आणि ताकद दोन्ही वाढतात. पहिल्या दिवशी सलग तासभर, दुसऱ्या दिवशी पण. 'आउट ऑफ शेप' आहे ना, म्हटलं लवकर भरून काढावं.

लोखंडीकढई

सापडला चोर. बर्पीच.

जानेवारीच्या एक तारखेला जिममध्ये गेलेला माणूस आठवा. एक तारखेला वाघ. दोन तारखेला जिना उतरताना कठडा धरतो. गेममध्ये हुबेहूब तेच आहे. व्यायाम झाल्यावर लगेच काही होत नाही, अंग दुसऱ्या दिवशी धरतं. बर्पीने हातपाय दोन्ही. आणि ही वेदना गेमच्या लेखी जखमेच्या वेदनेसारखीच, त्यामुळे ती पुरेशी वाढली की झोप नाकारली जाते. हेल्थच्या खिडकीत जखम दिसणार नाही, पण त्या त्या अवयवासमोर स्नायू आखडल्याचं लिहिलेलं असतं. बघा जरा.

म्हणजे तुमची साखळी अशी: पहिल्या दिवशी तासभर बर्पी, दुसऱ्या दिवशी अंग आखडलं, तरी पुन्हा तासभर, रात्री वेदनेने झोप नाही, तिसऱ्या दिवशी झोप साठलेली म्हणून दम भरेना, चौथ्या दिवशी कुऱ्हाडीत जोर नाही. वर 'स्लीपीहेड' घेतलंय, त्याला मुळात जास्त झोप लागते. मानेचा घास सातव्याने घेतला खरा, पण तुम्ही मेलात टीव्हीसमोर.

उपाय साधा आहे. झोपायच्या आधी पेनकिलर. बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात बऱ्याचदा सापडतात. गोळी घेतल्यावर थोडं थांबा, मग पलंग. आणि व्यायाम दहा-पंधरा मिनिटं, रोज, न चुकता. नियमितपणाची नोंद गेम ठेवतो, जसजशी ती वाढते तसतसं आखडणं कमी होतं. मधे चार दिवस सोडलात की उतरते. सुरुवातीला बर्पी सोडा, स्क्वॉट्स करा, निदान हात तरी मोकळे राहतील.

ताकभात

लोखंडीकढईंनी सगळं सांगितलंच आहे, माझे दोन पैसे.

१) ओझं. पावणेबारा, तुमच्या पाठीवर काय काय आहे ते इथे लिहा बरं. ओझ्याचं चिन्ह उजवीकडे असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. नवीन माणूस कायम सगळं उचलतो.

२) कॉफीबद्दल कुणीच बोललं नाही! कॉफी आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दोन्हींनी झोप उतरते. व्हिटॅमिनची बाटली लोक औषध समजून कपाटात सोडून देतात. मी कमरेच्या पिशवीत ठेवते.

लोखंडीकढई

@ताकभात कॉफीला माझा विरोध आहे, निदान नवशिक्यासाठी. ती उधारी आहे. हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालतंय, त्याच्या आवाजाने गावातले झॉम्बी तुमच्याकडे चाललेत आणि झोपायची सोय नाही, तेव्हा कॉफी. रोज कॉफीवर ढकललं की झोपेचं वेळापत्रक सरकत सरकत मध्यरात्री जागे आणि भर दुपारी झोपलेले असे होता. मग अंधारात करणार काय?

ताकभात

पुस्तकं वाचणार. मी तर तेच करते :) तुमचा माणूस आदर्श दिनचर्या पाळतो म्हणून सगळ्यांनी पाळायची का?

लोखंडीकढई

बरं ताई, पुस्तकांचा मुद्दा मान्य.

पावणेबारा

@ताकभात पाठीवर: शाळेचं दप्तर. त्यात बारा-तेरा डबे, दोन कुऱ्हाडी, हातोडा, करवत, खिळ्यांच्या पेट्या, सुतारकामाची तीन पुस्तकं, एक पातेलं. आणि हातात अजून एक पिशवी. ओझ्याचं चिन्ह असतंच, मला वाटलं ते कायमचंच असतं.

ताकभात

पातेलं!! अहो संसार घेऊन लढायला जाता का? एक शस्त्र, एक सुटं शस्त्र, पाण्याची बाटली, जखमेवर बांधायच्या पट्ट्या, एवढंच. डबे घरी ठेवा. पिशवी हातात धरण्यापेक्षा पाठीवर घेतलेली हलकी पडते. आणि लढायची वेळ आलीच तर दप्तर सरळ जमिनीवर टाका, झॉम्बी ते नेत नाहीत. परत येऊन उचला.

जुलै आहे हेही विसरू नका. चावा लागू नये म्हणून लोक जाकिटावर जाकीट घालतात आणि मग घामाघूम होऊन पाणी पाणी करतात.

मागचा_बाक

सगळे बिल्ड ४१ चं सांगताय. ज्यांनी बिल्ड ४२ ची अस्थिर आवृत्ती घेतलीय त्यांच्यासाठी: तिथे शस्त्र फिरवूनच स्नायू आखडतात. व्यायामाची गरजच नाही. मी पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस मारले आणि उजवा हात कामातून गेला. सँडबॉक्समध्ये त्याचं प्रमाण कमी करता येतं. (हो, परत सँडबॉक्स. हसा.)

लोखंडीकढई

@मागचा_बाक या वेळी बरोबर बोललात.

पावणेबारा, पुढच्या माणसासाठी एक सुचवू? कुऱ्हाडच हवी असेल तर फायर ऑफिसर घ्या. कुऱ्हाडीचं कौशल्य येतं आणि फिटनेसही एक पायरी वर मिळतो. 'स्लीपीहेड' ठेवायचं तर ठेवा, पण 'आउट ऑफ शेप' सोडा. त्याने फिटनेस पाचवरून तीनवर येतो, म्हणजे सहा पॉइंटांसाठी तुम्ही प्रत्येक लढाईत हप्ता भरता.

पावणेबारा

चार दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व, ऑफिसात महिनाअखेर होती.

फायर ऑफिसर घेतला. 'स्लीपीहेड' ठेवलं, स्वभाव जुळतो. आज त्याचा अकरावा दिवस! माझा विक्रम. बर्पी बंद, सकाळी दहा मिनिटं स्क्वॉट्स. तिसऱ्या दिवशी पाय आखडले होते, हेल्थच्या खिडकीत लिहिलेलं दिसलं (इतके दिवस डोळ्यांसमोर होतं, वाचलंच नव्हतं). गोळी घेतली, झोपला. उठला तेव्हा उजवीकडे एकही चिन्ह नाही. ती रिकामी कड बघून इतका आनंद झाला की स्क्रीनशॉट काढला.

काल त्याच दुकानामागे गेलो. पाचजण होते. दप्तर रस्त्यावर टाकलं. तीन पाडले, चिन्ह उमटलं, वळलो. हात शिवशिवत होते, राहिलेले दोघं अगदी समोर होते, पण चालत निघालो. मागच्या गल्लीतल्या घरात स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो. बाहेर ते दोघं कुंपणाला धडका देत होते. चिन्ह गेलं तसा बाहेर आलो आणि एकेका-दोन घावांत दोघंही गार.

दप्तर मात्र टाकलं तिथे सापडत नाहीये. गवतात कुठेतरी असणार. पेनकिलर त्यातच आहेत.

ताकभात

अहो, गोळ्या दप्तरात ठेवतात का! कमरेच्या पिशवीत!!

दुकानाच्या मागच्या बाजूने शोधा. आणि दिवसाउजेडी जा.