‘दमा’ म्हणजे नेमके कोणते दुखणे? दमा, श्वास आणि सीओपीडी

प्रश्न :

फुप्फुसांच्या जुनाट आजारांविषयीच्या एका माहितीपत्रकाचे मराठी करीत आहे. मूळ मजकुरात अस्थमा, क्रॉनिक ब्राँकायटिस, एम्फिसीमा आणि सीओपीडी (क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज) अशी चार वेगळी नावे येतात, परंतु बोलताना आपण या सगळ्यांना सरसकट ‘दमा’ म्हणतो. चारही ठिकाणी ‘दमा’ किंवा ‘जुनाट दमा’ असे लिहून चालेल का? शब्दांचा पूर्वेतिहासही कोणी सांगितला तर निवड करणे सोपे जाईल.

उत्तर :

चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचा दोष मराठीकडे जात नाही. ‘दमा’ हा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी असलेल्या ‘दम’ या शब्दाचा अर्थ श्वास असा आहे. दम लागणे, दम कोंडणे, दम खाणे हे आपले वाक्प्रचार त्याच घराण्यातले आहेत. (शमदमातला ‘दम’ संस्कृत असून त्याचा अर्थ निग्रह, त्याचा येथे संबंध नाही.) ग्रीक ‘अस्थमा’चाही मूळ अर्थ धाप लागणे एवढाच होता. म्हणजे हे दोन्ही शब्द आधी लक्षणाचे होते, रोगाचे नव्हते, आणि युरोपातले वैद्यही एकोणिसाव्या शतकापर्यंत धाप लागणाऱ्या नाना तऱ्हेच्या रोग्यांना ‘अस्थमा’च झाला आहे असे म्हणत असत.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या तमकश्वासाचे वर्णन फार बारकाईने केलेले आहे : रोगी आडवा झाला की त्याचा जीव घाबरा होतो, बसल्यावर त्याला बरे वाटते (‘आसीनो लभते सौख्यम्’), ऊब हवीशी वाटते, आणि ढगाळ हवा, गारठा व पूर्वेचा वारा यांनी त्रास वाढतो. कारणांमध्ये धूळ आणि धूर यांचा उल्लेख आहे, आणि दुखणे नवे असेल तर बरे होऊ शकते, एरवी ‘याप्य’, म्हणजे उपचाराने केवळ आटोक्यात राहणारे, असा निर्णय दिला आहे. आज तमकश्वासाचे भाषांतर ‘अस्थमा’ असे करण्याची पद्धत असली तरी या वर्णनात जुनाट कफविकाराचे रोगीही बसतील. म्हणून दोन्ही शब्द समानार्थी मानू नयेत.

खरी फाटाफूट शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली. 1816 मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात स्टेथोस्कोप तयार करणाऱ्या रेने लेनेक यांनी रोग्याच्या छातीतले आवाज जिवंतपणी ऐकले आणि मृत्यूनंतर तीच छाती उघडून पाहिली. निरोगी फुप्फुस छाती उघडताच आकसते. काही रोग्यांची फुप्फुसे मात्र आकसत नव्हती, उलट हृदयाच्या दोन्ही बाजूंना पोकळी भरून राहत होती. अशी फुप्फुसे हवा भरून वाळवून कापल्यावर आतल्या वायुकोशांचा, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांचा, विस्तार डोळ्यांना दिसला. ‘एम्फिसीमा’ म्हणजे मुळात आत हवा भरून फुगणे, आणि मराठीतला ‘वातस्फीती’ हा प्रतिशब्द तोच अर्थ नेमका पकडतो. ‘ब्राँकायटिस’ हे नाव त्याआधी 1808 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स बॅडम यांनी रूढ केले होते. त्याला ‘श्वासनलिकादाह’ म्हणावे.

तरीही जिवंत रोग्यात हे भेद मोजता येत नव्हते. जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये स्पायरोमीटर या श्वास मोजणाऱ्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, पण त्यावर फुंकलेल्या हवेचे एकूण आकारमान कळे, ती किती वेगाने बाहेर पडते हे कळत नसे. 1947 मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजली, आणि ‘अवरोध’, म्हणजे श्वासमार्गातला अडथळा, या कल्पनेला आकडा मिळाला. 1958 मध्ये लंडनला भरलेल्या तज्ज्ञांच्या सिबा परिसंवादात या रोगांच्या व्याख्या बांधण्याचे काम झाले. पुढे जुनाट श्वासनलिकादाहासाठी लागोपाठ दोन वर्षे, दर वर्षी तीन महिने कफयुक्त खोकला ही अट रूढ झाली, तर वातस्फीतीची व्याख्या वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्यावर उभी राहिली. एक व्याख्या खोकल्यावर आणि दुसरी शरीररचनेवर आधारलेली असल्याने एकाच रोग्याला दोन्ही नावे लागू पडत. म्हणूनच दोन्हींना सामावून घेणाऱ्या ‘सीओपीडी’ या छत्रीची गरज पडली. हा शब्दप्रयोग 1965 मध्ये अमेरिकेत एम्फिसीमावर भरलेल्या अॅस्पेन परिषदेत विल्यम ब्रिस्को यांनी प्रथम केला असे मानले जाते.

प्रतिसाद :

माहिती उत्तम आहे, पण लोकांच्या ‘दमा’ला इतके अशास्त्रीय मानू नये. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या ओरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 च्या सुमारास असाच विचार मांडला होता की अस्थमा, जुनाट ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा ही एकाच मूळ प्रवृत्तीची रूपे असावीत. हा ‘डच सिद्धान्त’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यावरचा वाद दीर्घकाळ चालला. दमा आणि सीओपीडी ही दोन्ही दुखणी एकाच रोग्यात आढळतात, हे तर डॉक्टर रोज पाहतात.

उत्तर :

आपला मुद्दा मान्य आहे, परंतु माहितीपत्रक रोग्यासाठी असते आणि तेथे भेद न केल्याची किंमत रोगीच देतो. दम्यातला अवरोध औषधाने बहुतांशी सुटतो आणि श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड हा त्याच्या उपचाराचा पाया आहे; सीओपीडीतला अवरोध पूर्णपणे सुटत नाही, आणि तेथे धूर थांबवणे हीच पहिली पायरी ठरते. शिवाय सीओपीडी म्हणजे बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे दुखणे, हा समज आपल्याकडे अपुरा आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी 1950 च्या दशकात दिल्लीत फुप्फुसविकारामुळे हृदयावर ताण आलेल्या रोग्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांत धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाही आढळल्या, आणि पुण्याचे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये ब्रिटनचे डॉ. बार्न्स यांच्यासह धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर जो लेख लिहिला, त्यातही चुलीच्या धुरावर भर आहे. चुलीपुढे जन्म घालवलेल्या आजीला ‘दमा आहे’ एवढेच सांगितले, तर धुराकडे कोणाचे लक्ष जात नाही.

माझी शिफारस अशी : अस्थमासाठी ‘दमा’, क्रॉनिक ब्राँकायटिससाठी ‘जुनाट श्वासनलिकादाह’, एम्फिसीमासाठी ‘वातस्फीती’, आणि सीओपीडी हे अक्षरनाम तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘श्वासमार्गातील कायमच्या अडथळ्याचा जुनाट आजार’ असा खुलासा जोडावा. ‘जुनाट दमा’ हा शब्दप्रयोग मात्र टाळावा, कारण वाचणारा त्याचा अर्थ ‘बरीच वर्षे असलेला दमा’ असाच घेईल.